कट्ट्यावरचं चित्र पुसत का नाही?

गोंदिया, तिरोडा, आमगावकडच्या राइस मिलचा तांदूळ घरी येतो तो बहुधा रंगीत चित्राच्या प्लॅस्टिक कट्ट्यातून. ट्रकमध्ये कट्टे एकमेकांवर घासतात, तरी चित्र शाबूत राहतं. प्लॅस्टिकवर शाई टिकवणं मात्र सोपं नाही.

नव्या पिशवीवर पाण्याचा थेंब सोडा. तो पसरत नाही, गोल राहतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन यांचा पृष्ठभाग असाच अलिप्त असतो. पाणी, शाई, डिंक कुणालाच धरत नाही. म्हणून छपाईआधी पदरावर उच्च दाबाच्या विजेचा झोत सोडतात. पृष्ठभागाच्या रेणूंना हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि शाई धरू लागते. या प्रक्रियेला ‘कोरोना’ म्हणतात. साथीच्या विषाणूशी तिचा संबंध नाही. बदल होतो तो केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थरात. पदर फार दिवस पडून राहिला, तर हा गुण ओसरतो.

कट्ट्याचं चित्र पारदर्शक पदराच्या आतल्या बाजूला उलटं छापतात. मग तो पदर विणलेल्या कापडाला वितळलेल्या प्लॅस्टिकनं जोडतात. या जोडथराच्या पॉलिप्रॉपिलिनमध्ये थोडं पॉलिथिन मिसळतात, म्हणजे थर एकसारखा पसरतो. पण हे दोघे भाऊ दिसायला सारखे असले तरी एकजीव होत नाहीत; एकात दुसऱ्याचे बारीक कण वेगळेच राहतात. म्हणून प्रमाण सांभाळावं लागतं. ते बिघडलं की पदर सुटतो.

इथेच आपला प्रश्न येतो. जे घट्ट चिकटतं, ते वेगळं करणं कठीण. चिप्सच्या पाकिटात वेगवेगळ्या जातींचे थर असतात, म्हणून भंगारवाला ते सहसा घेत नाही. तांदळाचा कट्टा बहुतांशी पॉलिप्रॉपिलिनचा आणि दुधाची पिशवी पॉलिथिनच्याच दोन प्रकारांची. ती पुन्हा वितळवता येतात. मात्र दोन्ही एकत्र वितळवली, तर माल ठिसूळ होतो.

तेव्हा दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवी धुऊन वाळवा आणि कट्ट्यांपासून वेगळी ठेवा. गिरणीमालकांनीही कट्टा घेताना तो एकाच जातीच्या प्लॅस्टिकचा आहे का, हे जरूर विचारावं.