उणकलचा पाषाण आणि छायाचित्राची धार

श्रोत्यांपैकी ज्यांनी हुबळीतील उणकलचे चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वर मंदिर पाहिले असेल, त्यांना तेथील द्वारचौकटींवरचे कोरीव काम आठवत असेल. ते डिजिटल कॅमेऱ्याने टिपून भिंतभर छापावयाचे, तर छायाचित्रकाराची खरी कसोटी घरी परतल्यावरच लागते.

कॅमेऱ्यातील ‘रॉ’ फाइल म्हणजे चित्र नव्हे. ती प्रकाशाच्या मोजमापांची वही होय. बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदकाचा प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो. कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या, १९७६ साली पेटंट मिळालेल्या रचनेत निम्मे बिंदू हिरव्याचे, पाव तांबड्याचे आणि पाव निळ्याचे असतात. उरलेले दोन रंग संगणक शेजारच्या बिंदूंवरून ताडतो, आणि त्या ताडण्यात चित्र किंचित मऊ पडते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. गर्द सावलीतला कोनाडा उजळताना हा फरक कळतो.

गेलेली धार परत आणण्याची युक्ती जुन्या अंधारखोलीतली आहे. निगेटिव्हवर तिचीच मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत ठेवून छापले, की कडा उठून दिसत. हाच ‘अनशार्प मास्क’. संगणक मूळ चित्रातून धूसर प्रत वजा करतो व उरलेला फरक पुन्हा चित्रात मिळवितो.

परंतु येथेच मोह होतो. धार प्रमाणाबाहेर दिली, तर कडेला पांढरी रेघ उमटते आणि झिजलेल्या मूर्तीच्या गालावर, शिल्पकाराने कधीच न मारलेला छिन्नीचा घाव दिसू लागतो. काही नव्या प्रणाली तर नसलेला तपशीलही कल्पनेने भरतात. शोभेच्या चित्रात ते खपेल. अभ्यासाच्या चित्रात ती लबाडीच होय.

२४ मेगापिक्सेलच्या चित्रात ६००० गुणिले ४००० बिंदू असतात. इंचाला ३०० बिंदू धरल्यास वीस इंच रुंदी मिळते. चाळीस इंच हवी, तर इंचाला १५० च उरतात. दुरून पाहण्यास तेवढे पुरते. पण कोरीव काम दिसले की माणूस नाक लावून पाहतो! शेवटची धार म्हणून छपाईचा आकार ठरल्यावरच द्यावी. खरबरीत कागदावर शाई पसरते, त्याला चकचकीत कागदापेक्षा ती थोडी अधिक लागते. पडदा मोठा खुशामतखोर असतो. त्याच्यावर विसंबू नये. मूर्तीच्या चेहऱ्याची एक पट्टी पूर्ण आकारात आधी छापून, उजेडात धरून पाहावी, आणि मूळ रॉ फाइल तशीच जपून ठेवावी.