एकच चूर्ण सर्वांना?

(मधुमेह आणि समग्र चिकित्सा या विषयावर एका वैद्यांनी कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आयोजकांनी मला ‘समग्र आरोग्य’ हा विषय दिला आहे. विषय इतका विस्तीर्ण आहे की, त्यावर तासभर बोलून वक्ता आणि श्रोते दोघेही समाधानाने घरी जाऊ शकतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या ताटात वा दिनक्रमात काडीचाही फरक पडलेला नसतो. म्हणून मी आज एकच व्याधी घेणार आहे, ती म्हणजे मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक या रोगाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. या सभागृहात ज्याच्या घरात किंवा जवळच्या नात्यात कोणीही मधुमेही नाही, अशा गृहस्थाचा आपण सत्कारच करायला हवा.

रोग जितका पसरला, तितकीच त्याच्या उपचारांची बाजारपेठही पसरली. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचे संभाषण ऐकावे. कोणी विजयसाराच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पितो, कोणी जांभळाच्या बियांचे चूर्ण घेतो, कोणी कारल्याचा रस, तर कोणी दूरदर्शनसंचावर जाहिरात पाहून मागवलेली बाटली. घरी कपाटात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही असतातच. हे सारे एकाच वेळी पोटात जाते आणि त्याला आपण ‘समग्र उपचार’ असे भारदस्त नाव देतो. वास्तविक ही निव्वळ सरमिसळ आहे. मी स्वतः आयुर्वेदाचा चिकित्सक आहे आणि म्हणूनच मला याचे अधिक वाईट वाटते. कारण समग्रतेची जी कल्पना आपल्या शास्त्राने मांडली, तिचा या सरमिसळीशी काहीही संबंध नाही.

ती कल्पना काय आहे? चरकसंहितेत रुग्णाची परीक्षा दहा अंगांनी करावी असे सांगितले आहे. त्याची प्रकृती कशी, विकृती कोणती, धातूंचे सार कसे, अंगाची बांधणी कशी, शरीराचे प्रमाण काय, कोणत्या गोष्टींची त्याला सवय आहे, मनाचे बळ किती, जेवण पचवण्याची शक्ती किती, व्यायाम झेपण्याची शक्ती किती आणि वय काय. एवढे पाहिल्यावर मग औषधाचा विचार. येथे औषधाच्या आधी माणूस येतो. ज्या जाहिरातीत वय न विचारता, वजन न विचारता, मूत्रपिंडाची स्थिती न विचारता एकच चूर्ण सर्व मधुमेहींना विकले जाते, तिच्या वेष्टनावर ऋषींचे चित्र असले तरी ती चरकाच्या मार्गावरची नव्हे.

आता प्रमेहाविषयी शास्त्र काय म्हणते ते पाहू. प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आहेत. कफज दहा, ते साध्य. पित्तज सहा, ते याप्य, म्हणजे उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहणारे. आणि वातज चार, ते असाध्य. मधुमेह हा या शेवटच्या गटात मोडतो. ज्याला हा रोग मातापित्यांच्या बीजातून आला आहे, त्याचा रोग बरा होत नाही, असेही चरकसंहितेत स्पष्ट नोंदवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वैद्यांना ‘बरे होणार नाही’ हे सांगण्याचे धैर्य होते. आज ‘मधुमेह मुळापासून नष्ट’ अशी हमी देणाऱ्यांना ते नाही.

कारणांची यादी तर आजच्या एखाद्या मध्यमवर्गीय घराचे वर्णन वाटावी अशी आहे. सुखासनावर बसून राहणे, अति झोप, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ. रोगाच्या पूर्वरूपांत रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हेही निरीक्षण त्यांनी नोंदवले. परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी. प्रमेहाचे रुग्ण दोन प्रकारचे असतात, एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बल, असे सांगून चरक दोघांची चिकित्सा अगदी परस्परविरुद्ध दिशेने नेतो. स्थूलाचे शोधन करायचे, त्याचे शरीर हलके करायचे. कृशाचे मात्र बृंहण, म्हणजे पोषण करायचे. सुश्रुतानेही जन्मजात आणि अपथ्यातून उद्भवलेला असा भेद केला आहे. रोगाचे नाव एक, माणसे दोन, म्हणून मार्गही दोन.

सुश्रुताने सांगितलेले उपाय ऐकून तर आपल्यापैकी काहींना घाम फुटेल. निर्धन रुग्णाने पादत्राणे आणि छत्री न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने चालावे. कोणी शेत कसावे, कोणी विहीर खणावी. चूर्णाच्या डबीचा येथे पत्ताच नाही. (मधुमेह्याने अनवाणी चालू नये, असे मी आज सांगतो, पायाची संवेदना कमी झाल्यावर काय होते, हे आपण अधिक जाणतो. ग्रंथाचा आदर म्हणजे त्यातील प्रत्येक शब्द आंधळेपणाने आचरणे नव्हे.)

येथे आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. जन्मजात प्रकाराचा जो कृश रुग्ण, बहुधा लहान मूल, त्याच्यासाठी प्राचीन वैद्याजवळ बृंहणापलीकडे काही नव्हते आणि युरोपातल्या वैद्याजवळही नव्हते. ते मूल खंगत जाऊन मरत असे. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्या दिवसापर्यंत जे असाध्य होते ते याप्य झाले. ज्या बालकाच्या स्वादुपिंडात इन्सुलिन निर्माणच होत नाही, त्याचे इन्सुलिन कोणत्याही काढ्यासाठी, आसनासाठी वा नवसासाठी एक दिवसही बंद करता येत नाही. बंद केले की रक्त आम्लधर्मी होऊ लागते आणि काही दिवसांत, कधी काही तासांतच मूल अतिदक्षता विभागात पोहोचते. ‘टोचण्या नकोत, आयुर्वेदाने बरे करा’ असे म्हणत आई-वडील माझ्याकडे मुलाला घेऊन येतात, तेव्हा मी प्रथम इन्सुलिन चालू आहे ना, हे विचारतो. चालू असेल तरच पुढचे बोलणे.

प्रौढांचा मधुमेह वेगळा, आणि त्यातही आपण भारतीय वेगळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयाला आयुष्य वाहिले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटनमधील डॉ. यूडकिन यांनी स्वतःची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली! पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने गर्भवतींचा आणि नवजात बालकांचा अभ्यास केला, तेव्हा आढळले की आपले बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचे, तर इंग्लंडमधले ३.५ किलोचे, आणि वजनाने इतके कमी असूनही त्वचेखालची चरबी मात्र आपल्या बाळाने राखलेली. स्नायू कमी, चरबी कायम. म्हणजे दिसायला कृश आणि आतून स्थूल असा हा तिसरा मनुष्य आहे. आरशात पाहून ‘मी कुठे जाडा आहे?’ असे म्हणणाऱ्या पुरुषाने कमरेला फीत लावावी. ९० सेंटिमीटरच्या पुढे आणि स्त्रियांच्या बाबतीत ८० च्या पुढे गेली असेल तर तपासणीला जावे. गर्भवती सुनेच्या ताटात डाळ, दूध, पालेभाजी, फळे पुरेशी आहेत ना, हे पाहणे म्हणजे नातवाच्या मधुमेहाची चिकित्सा करणे होय, असे म्हटले तर ते फार धाडसाचे ठरू नये.

आहारविहाराचे सामर्थ्य आता प्रयोगांनीही दाखवले आहे. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांचे चार गट करून सुमारे तीन वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली आले. आहार आणि चालणे यांनी मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र केल्याने अधिक काही पदरात पडले नाही. मात्र काहीच न केलेल्या गटातील निम्म्याहून अधिक लोक तेवढ्या काळात मधुमेही झाले होते. गंमत अशी की मेटफॉर्मिनचा उगमही एका वनस्पतीत आहे. युरोपात गॅलेगा नावाच्या झुडपातील द्रव्यांचा माग काढत काढतच वैज्ञानिक तिथवर पोहोचले. आपल्या वनस्पतींचाही असाच माग काढला पाहिजे. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली यांची तपासणी क्ष-किरणांखाली केली, तेव्हा योगाचा अपमान होतो आहे असे त्यांना वाटले नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर प्रयोग झाले आणि रक्तातील साखर उतरल्याचे दिसले. परंतु तेथे काही रुग्णांना दिवसाला १०० ग्रॅमपर्यंत मेथीची पूड दिली होती. आपण रात्री भिजवलेले चमचाभर दाणे खातो आणि सकाळी दोन जिलब्यांचा परवाना मिळाला असे समजतो!

‘मधुमेह उलटवता येतो’ ही घोषणा हल्ली सर्वत्र ऐकू येते. तिच्यामागे सत्याचा अंश आहे, म्हणून तो नेमका समजून घ्या. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही महिने अतिशय अल्प आहार देऊन वजन उतरवले, तेव्हा एका वर्षाने ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. ज्यांचे वजन १५ किलो वा अधिक घटले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. हे रुग्ण कोण होते? स्थूल, रोगाला सहा वर्षांहून कमी काळ झालेले, इन्सुलिन न घेणारे, आणि सतत वैद्यकीय देखरेखीखाली असलेले. चरकाचा ‘स्थूल बलवान’ तो हाच म्हणायचा. तोच कडक उपास वीस वर्षांच्या जुन्या, सत्तर वर्षांच्या, हाडे वर आलेल्या आजोबांवर लादणे म्हणजे कृशाचे शोधन करणे होय.

अमुक औषधाने मधुमेह बरा होतो, अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेहाचे नाव आहे. तरी जाहिराती येतात. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढील प्रकरणात एका मोठ्या आयुर्वेद उद्योगाला वर्तमानपत्रांतून जाहीर क्षमायाचना करावी लागली. त्या वेळी आपल्यातील काहींना तो आयुर्वेदावरचा आघात वाटला. मला तसे वाटले नाही. भेसळीचे सोने पकडले गेल्याने सराफाची अप्रतिष्ठा होत नसते.

आता घरातले थोडे. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली आपण दूरदर्शनसंचाला अर्पण केली आहे. ती परत मिळवा आणि संपूर्ण कुटुंबाने मिळवा, एकट्या रुग्णाला अंगणात धाडू नका. ताटात ज्वारी, बाजरी, नाचणी येऊ द्या, पण तीही मोजून. भाकरी आहे म्हणून चार खाल्ल्या तर हिशेब तोच. उपवासाविषयी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली. साबुदाणा हा ज्या कंदापासून होतो तो अमेरिका खंडातून आलेला, आणि आपण त्याला उपासाचे सात्त्विक अन्न ठरवून टाकले. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. मधुमेह्याने खिचडीची वाटी भरण्यापूर्वी विचार करावा. याउलट, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने निर्जळी उपवास परस्पर करू नये. दुपारी घाम सुटून, हातपाय थरथरून माणूस कोसळतो आणि घरच्यांना वाटते की देवीचा कोप झाला. औषधाची मात्रा आधी विचारून घ्या.

शेवटी एक विनंती. डॉक्टरांकडे जाताना वैद्याचे औषध लपवायचे आणि वैद्याकडे येताना डॉक्टरांचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. कारल्याचा रस आणि गोळी दोन्ही साखर उतरवतात. एकाला दुसऱ्याची वार्ता नसेल तर मात्रा कोण ठरवणार? एक साधी दोनशे पानी वही करा. त्यात उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, रक्तदाब, वजन आणि कमरेचे माप तारखेसह लिहा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पाय तपासल्याची नोंद करा. पोटात जाणारे प्रत्येक औषध लिहा. पुढच्या भेटीत ती वही दोघांनाही दाखवा, आणि जे चूर्ण लिहिताना संकोच वाटतो त्याचे नाव पहिल्या ओळीत लिहा.