मुलाखत आणि पोशाख



मुलाखतीचे पत्र घरात आले की पहिली चर्चा होते ती कपड्यांची. वडील उसनवारी करून सूट शिवायला टाकतात, आई ईदचा जोड पेटीतून काढते. विषयाचे पुस्तक मात्र कोणी उघडीत नाही!

पोशाखाला महत्त्व नाही असे मी म्हणणार नाही. वेळ थोडा असला की डोळे कानांच्या आधी निकाल देतात. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५० होते, व मुलाखत अवघी दोन-तीन मिनिटांची. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली हे प्रमाण मनमानी ठरविले. केंद्र सरकारने २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. पण खाजगी नोकरीत मुलाखत चुकत नाही.

आपल्या घरांत आणखी एक काळजी असते. दाढी ठेवावी की काढावी? मुलीने स्कार्फ बांधून जावे की नाही? ‘नोकरी लागेपर्यंत काढून ठेव’ असा सल्ला देणारे चाचा-मामू घरोघरी आहेत. अमेरिकेत २००८ साली समंथा इलाफ ही तरुणी ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कंपनीच्या कपड्यांच्या दुकानात स्कार्फ बांधून मुलाखतीस गेली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला पात्र ठरविले, पण स्कार्फमुळे वरिष्ठांनी नाकारले. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने कौल दिला. मध्ये सात वर्षे गेली, हेही विसरू नये. आपल्या राज्यघटनेचे १६ वे कलम धर्मावरून भेदभावास मनाई करते, पण ते सरकारी नोकरीपुरते. खाजगी मालक कारण न सांगता परत पाठवू शकतो. तरीही माझे मत असे, की जे रोज अंगावर असते ते त्या दिवशी लपवू नये. उद्या त्याच जागी रोज जायचे आहे ना?

मात्र दाढी नीट कोरलेली असावी, स्कार्फ साधा व इस्त्रीचा असावा. जुना शर्ट चालेल, मळलेली कॉलर चालणार नाही. बुटांना पॉलिश हवे. अत्तराचा फाया जरा आवरावा, बंद खोलीत तो समोरच्याला झोंबतो! सुटाचे पैसे वाचवून मुलाची बोलण्याची तयारी करून घ्या.

ज्यांची मुलाखत जवळ आली आहे त्यांनी शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावे. मी मराठीत व इंग्रजीत प्रश्न विचारीन. येताना मुलाखतीचेच कपडे घालून यावे.