ताराबाईंचं घर शोधताना



ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ मी कॉलेजात असताना वाचलं. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती पुढे कमी झाली, पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांत सगळ्याच बायकांना नावं ठेवली गेली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये उत्तर दिलं: जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? पुण्यात पाचशे प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. टीका झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विसरलं गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा आणलं.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांचं घर शोधायला बुलढाण्यात पायी फिरले. धागा एकच होता. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. म्हणून कलेक्टर कचेरीपासून सुरुवात केली. चहावाले, निवृत्त गुरुजी, ओट्यावर बसलेले आजोबा, ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी एका खालांकडे पाणी मागितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “घर उसके नाम पे था क्या?”

“नहीं खाला, बाप का था.”

“फिर उसका घर कैसे मिलेगा, बेटा?”

परतताना एसटीत अम्मी डोळ्यांसमोर होती. नाना गेल्यावर मामूंनी हक्कसोडपत्र पुढे केलं आणि तिनं सही केली. शरियतीत मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे. तेवढाही आपण ‘भावांशी नातं तुटेल’ म्हणून तिला सोडायला लावतो, आणि वर तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करतो.

ताराबाईंचा नवरा घरजावई होता. त्या वडिलांच्याच घरी राहिल्या, वडिलांनीच त्यांना शिकवलं. त्या घरात त्यांना जागा होती, म्हणून ते पुस्तक लिहून झालं, असं मला वाटतं.

ते घर मला सापडलं नाही. घरी आल्यावर अब्बूंना विचारलं, “आपल्या घराच्या उताऱ्यावर अम्मीचं नाव आहे का?” ते गप्प बसले. मी अजून विचारतेय. तुम्हीही आज घरी जाऊन विचारा.