यकृताच्या शिरेतला दाब

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंना रक्ताची उलटी झाली. त्याआधी आठवडाभर शौचाला डांबरासारखी काळी होत होती, पण लाजेने त्या कोणाला बोलल्या नाहीत. यकृत खराब असल्याचं निघालं आणि गावात कुजबुज सुरू झाली, "ही पिते की काय?" ताईंनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. त्यांना हिपॅटायटिस बी होता.

आम्हाला नवल याचं वाटलं, की दंडाला पट्टा बांधून मोजलेलं बीपी त्यांचं कधी वाढलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा दाब वेगळा. द्राक्षबागेत ठिबकची जाळी चोंदली की मागच्या पाइपात दाब वाढतो आणि कुठला तरी जोड सुटतो, तसंच हे. आतड्यातलं रक्त एका मोठ्या शिरेने यकृतात येतं. यकृत कडक झालं की ते मागे तुंबतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते.

हा दाब मोजायची जुनी रीत म्हणजे मानेतल्या शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत न्यायची. आता काही मोठ्या रुग्णालयांत गुंगी देऊन तोंडावाटे दुर्बीण जठरात उतरवतात. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते. पडद्यावर शीर बघत जठराच्या भिंतीतून बारीक सुई यकृतातल्या शिरेत नेतात. रक्त आणणाऱ्या आणि बाहेर नेणाऱ्या, दोन्ही शिरांतला दाब मोजून फरक काढतात. तो 5 पर्यंत ठीक. 10 झाला की काळजी, आणि 12 च्या पुढे शीर फुटायची भीती.

हे ऐकून कोणी उद्याच सुई टोचून घ्यायला निघू नका! बहुतेकांचं साधी सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि नेहमीच्या दुर्बिणीवर भागतं. ताईंचंही भागलं. फुगलेल्या शिरांना रबरी कडी बसवली, दाब उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या.

कावीळ उतरवून घेण्यात मात्र दिवस घालवू नका. काळी शौच, पोटात पाणी, पायाला सूज दिसली की आशाताईंना सांगा. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी, औषधं मोफत आहेत. बी आईकडून बाळाला होऊ शकतो, म्हणून जन्मल्यावर 24 तासांच्या आत बाळाला लस हवीच.

ताईंच्या दोन्ही मुलींची तपासणी आम्ही सोबत जाऊन करून घेतली. धाकटी गरोदर आहे, तिचा अहवाल चांगला आला. ताई पुन्हा बैठकीला येतात. गटाच्या कर्जाचे दोन हप्ते राहिलेत, ते त्या भात निघाल्यावर देणार आहेत.