मला, माका, माले

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात आपल्या सोसायटीच्या सभासद, निवृत्त प्राथमिक शिक्षिका यांनी केलेले भाषण. शक्यतो त्यांच्याच शब्दांत देत आहोत. – संपादक मंडळ)



सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षणावर चार शब्द बोला." एकतीस वर्षं शाळेत बोलले, आता तुमची पाळी! पण घाबरू नका, दहा मिनिटांत आटपते. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

नोकरीचं पहिलंच वर्ष. तिसरीचा वर्ग. वडिलांच्या कामासाठी खानदेशातून इकडे आलेली एक मुलगी वर्गात होती. पाट्या वाटत होते, तर ती उठून म्हणाली, "बाई, माले?" मी लगेच सांगितलं, "माले नाही, मला म्हणायचं." सगळा वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. त्यानंतर कितीतरी दिवस ती मुलगी वर्गात बोललीच नाही. मी शेऱ्यात लिहिलं, 'अबोल आहे.'

मग एकदा मधल्या सुट्टीत पाहिलं, तर ती धाकट्या भावाला गोष्ट सांगत होती. हातवारे काय, आवाज काय, मध्येच राक्षस होत होती, मध्येच म्हातारी! सगळी अहिराणीत. अबोल कसली? तिला अबोल मी केलं होतं.

आणि गंमत पाहा. त्याच आठवड्यात मी वर्गात बहिणाबाई चौधरींची कविता शिकवत होते. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी उतरवून ठेवली आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. सगळी खानदेशच्या बोलीत. पुस्तकात छापलेल्या बोलीचं मी कौतुक करत होते, आणि त्याच मातीतली पोर समोर बोलली तर तिला चूक म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'मला' लिहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" मालवणकडचा मुलगा म्हणाला, 'माका.' अकोल्याची मुलगी म्हणाली, 'मले.' गुजराती मुलगा म्हणाला, 'मने.' शेवटी हळूच आवाज आला, 'माले.' त्या दिवसापासून आमच्या भिंतीवर शब्दांचा तक्ता लागला. रोज एक शब्द, ज्याच्या-त्याच्या घरचा. 'मला' ती मुलगी शिकलीच. पेपरात तेच लिहायचं, हे तिला नीट कळलं. पण 'माले' टाकून द्यावं लागलं नाही.

पालक विचारायचे, "असं केलं तर शुद्ध मराठी कधी येणार?" मी म्हणायचे, नदी ओलांडायला पूल लागतो, आणि पुलाचं एक टोक मुलाच्या काठावर असावं लागतं. हे काही माझं डोकं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. आज 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट मला एका भाजीवालीच्या मुलानं शिकवली. गणितात कायम नापास. एकदा तिच्याकडे भेंडी घ्यायला गेले. 36 रुपये किलो, मी पाऊण किलो मागितली. पोरगा वजन करता करता म्हणाला, "अर्ध्याचे अठरा, पावाचे नऊ, सत्तावीस द्या बाई." हेच गणित वहीत अपूर्णांकात घातलं की त्याला सुटत नव्हतं! मग मी चौघा-चौघांचे गट केले. याने तोंडी सांगायचं, अक्षर चांगलं असलेल्या मुलीनं लिहायचं, तिसऱ्यानं तपासायचं, चौथ्यानं वर्गाला समजावायचं. दर आठवड्याला कामं बदलायची. गटात कुणी नुसतं 'हुशार' नाही आणि कुणी नुसतं 'ढ' नाही. दिवाळीपर्यंत तो मुलगा लिहायला लागला, आणि लिहिणारी मुलगी तोंडी हिशोब करायला लागली.

आता आपल्या घरचं बोलते. कमिटीनं रागवू नये.

गेल्या वर्षापासून मी शनिवारी संध्याकाळी जिन्याखाली मुलांना गोष्टी सांगते. आपली मुलं येतात, वॉचमनकाकांची मुलगीही येते. ती नेपाळी बोलते. एकदा खाऊ वाटताना ती म्हणाली, "मलाई." सगळी पोरं हसली, "ही मलाई मागते!" माझ्या पोटात एकदम गोळा आला. तेच हसू, इतक्या वर्षांनी! पण या वेळी मी हसले नाही. विचारलं, "म्हणजे काय गं?" नेपाळीत 'मलाई' म्हणजे 'मला'. बघा, किती जवळचं निघालं! आता आमची मुलं खाऊ मागताना मुद्दाम 'मलाई, मलाई' ओरडतात आणि ती त्यांचे उच्चार सुधारते.

हा वर्ग हॉलमध्ये भरवावा, असा अर्ज मी दिला होता. मीटिंगमध्ये प्रश्न आला, "हॉल सभासदांचा आहे, बाहेरची मुलं कशी चालतील?" नियमाप्रमाणे प्रश्न बरोबर आहे. पण जी मुलगी आपल्याच गेटपाशी वाढते आहे, ती बाहेरची कशी? आणि नुकसान फक्त तिचं नाही. तिच्याशिवाय बसलेली आपली मुलंही तेवढीच कमी शिकतील.

म्हणून पंचविसाव्या वाढदिवसाची माझी एकच मागणी आहे. शनिवारी पाच ते सहा हॉल उघडा ठेवा. आणि आजी-आजोबा, तुम्हीही या. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेली या इमारतीतली शेवटची पिढी तुम्हीच आहात. एक-एक गट सांभाळा. खाऊ मी आणीन.

दहा मिनिटांची पंधरा झाली. शिक्षकाची सवय, माफ करा.