जुना संगणक, नवी प्रणाली



आपल्यापैकी अनेकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी संगणक घेतला आहे. त्यावर 'विंडोज १०' ही प्रणाली असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिचा नियमित आधार थांबवला. संगणक त्यामुळे बंद पडला नाही; परंतु नव्याने सापडणाऱ्या उणिवांची दुरुस्ती थांबली. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराआड पैसे ठेवणे होय. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवलत देण्यात आली, ती केवळ विचार करण्यापुरती.

मग 'विंडोज ११' घ्यावी काय? परवाना असलेल्या 'विंडोज १०' वरून ती मोफत मिळते. मात्र यंत्र त्या योग्यतेचे हवे. 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम ते सांगतो. 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-व्यवस्था पुष्कळदा यंत्रात असते, पण बंद ठेवलेली असते. तेवढे जाणकाराकडून पाहून घ्यावे. यंत्र योग्य ठरल्यास कागदपत्रांच्या प्रती दुसरीकडे ठेवून मगच बदल करावा.

योग्य न ठरल्यास लगेच कर्ज काढू नका. लिनक्स ही मोफत प्रणाली पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालते. अभ्यासाचे प्रोग्राम तिच्यावर चालतात का, एवढे आधी पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, ही तपासणी तुम्ही करा. आईवडिलांचा घामाचा पैसा तुमच्या ज्ञानाने वाचला, तर शिक्षणाचे चीज झाले असे मी समजेन.